आधी ओळख सांगा

१९६० च्या सुमारास संगणक वापरणे म्हणजे खिडकीवर कार्डांचा गठ्ठा देऊन परत फिरणे. भोके पाडलेली ती कार्डे ऑपरेटर यंत्रात घालणार, यंत्र एकेकाचे काम रांगेने उरकणार आणि छापील उत्तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी हातात पडणार. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांग. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांचाही अनुभव असाच होता. या व्यवस्थेत संगणकाने कोणाची ओळख पटवून घेण्याचा प्रश्नच येत नसे. माणसे ओळखायचे काम खिडकीमागचा माणूस करी.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खिडकी काढून टाकायचे ठरवले. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी ‘कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’ ऊर्फ सीटीएसएस चालवून दाखवली. एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत कापून तो अनेकांना आळीपाळीने द्यायचा. तुकडे इतके बारीक, की टर्मिनलपुढे बसलेल्या प्रत्येकाला सगळे यंत्र आपलेच वाटावे. सोय मोठी होती, पण तिच्या मागोमाग एक अडचण आली. कार्डांचा गठ्ठा घरी नेता येत असे. आता फाइल यंत्रातच राहू लागली, तीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फायलींना लागून. ही फाइल कोणाची आणि खर्च झालेला वेळ कोणाच्या नावावर मांडायचा, हे यंत्राला कळायला हवे होते. कोर्बाटोंनी साधा उपाय केला. प्रत्येकाला एक पासवर्ड दिला आणि सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलीत, जसेच्या तसे, लिहून ठेवले.

अ‍ॅलन शेर नावाचे एक संशोधक विद्यार्थी तिथे पीएचडी करत होते. विषय टाइम-शेअरिंग यंत्रणेच्या कामगिरीचाच. त्यांना आठवड्याला मोजून चार तास यंत्र मिळे आणि ते पुरत नसे. फायली छापून हव्या असल्या तर खाते क्रमांक आणि फाइलीचे नाव कार्डावर टाकून तशी मागणी करण्याची सोय होती. १९६२ च्या वसंतात एका शुक्रवारी रात्री उशिरा शेर यांनी असे एक कार्ड सरकवले. मागणी होती पासवर्डच्या फाइलीची. शनिवारी सकाळी छापील कागद जिथे ठेवत तिथे जाऊन त्यांनी यंत्रणा वापरणाऱ्या सगळ्यांचे पासवर्ड उचलून आणले. पुढे ते इतरांच्या वेळात आपले काम करत राहिले. कागद त्यांनी एक-दोघांनाही दिला. त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या खात्यात शिरून टवाळीचे निरोप ठेवायला सुरुवात केली. सुमारे पंचवीस वर्षांनी शेर यांनी प्राध्यापक रॉबर्ट फानो यांच्यापाशी कबुली दिली आणि फानोंनी पदवी काढून घेणार नसल्याचा दिलासा दिला.

किस्सा गमतीचा आहे, पण त्यातली खोट गंभीर होती. टर्मिनलवरून येणाऱ्याला यंत्र पासवर्ड विचारत होते. कार्डावरून येणाऱ्याला विचारत नव्हते. पहारा एका वाटेवर होता आणि फायलींपर्यंत वाटा अनेक जात होत्या.

त्याच यंत्रणेवर साठच्या दशकाच्या मध्यात दुसरा प्रसंग घडला. त्यात तर चोरही नव्हता. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे ‘आजची सूचना’ म्हणून चार ओळी छापल्या जात. एका दुपारी त्या ओळींच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. व्यवस्था पाहणारे दोघे जण एकाच वेळी बसले होते, एक सूचना बदलत होता आणि दुसरा पासवर्डची फाइल. दोघांचे काम एकाच डिरेक्टरीत चालले होते. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम कच्ची प्रत नेहमी एकाच ठरावीक नावाने ठेवत असे, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार हे तो लिहिताना गृहीत धरले होते. दोन कच्च्या प्रतींची अदलाबदल झाली. कोर्बाटोंना १९९० चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग आवर्जून सांगितला. व्याख्यानाचा विषयच होता, अपयशी ठरणाऱ्या यंत्रणा कशा बांधाव्यात.

इकडे साठच्या दशकाच्या मध्यातच एमआयटीची मंडळी नव्या बांधकामाला लागली होती. बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासह त्यांनी ‘मल्टिक्स’ हाती घेतले आणि १९६५ मध्ये त्याचा आराखडा जाहीर केला. शहराला वीज पुरवावी तशी गणनशक्ती पुरवायची, असा त्यामागचा विचार होता. अनोळखी, एकमेकांशी स्पर्धा करणारी माणसे एकाच यंत्रावर येणार हे इथे पहिल्या दिवसापासून धरलेले होते. म्हणून संरक्षण आराखड्यातच घातले गेले. स्मृतीचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला तो कोणी वाचावा, कोणी लिहावा, कोणी चालवावा याची यादी जोडली. प्रोग्रामांना एकात एक अशा कड्यांमध्ये बसवले. सर्वांत आतल्या कड्यात यंत्रणेचा गाभा, बाहेरच्या कड्यांत वापरणाऱ्यांची कामे. बाहेरून आत यायचे तर नेमून दिलेल्या दारातूनच. पुढच्या यंत्रांवर ही कडी हार्डवेअरच सांभाळू लागले.

याची किंमत मोजावी लागली. काम रेंगाळले, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज या प्रकल्पातून बाहेर पडली. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने आपला संगणकांचा धंदा हनीवेलला विकला. मल्टिक्स मात्र चालू राहिले आणि अमेरिकी हवाई दलाने ते तपासायला घेतले. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी १९७४ मध्ये दिलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. ते आत शिरले होते. पासवर्डची फाइल त्यांच्या हाती लागली होती आणि प्रयोगादाखल त्यांनी गाभ्यात एक चोरवाटही पेरून दाखवली. कंपायलरमध्ये चोरवाट लपवली तर मूळ प्रोग्राम कितीही वाचला तरी ती सापडणार नाही, ही कल्पनाही त्याच अहवालातली. निष्कर्ष मात्र मल्टिक्सला मोडीत काढणारा नव्हता. आज हे सुरक्षित नाही, पण सुरक्षित करता येईल असा पाया याचाच आहे, असा त्यांचा अभिप्राय होता.

या अनुभवाचे सार १९७५ मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या मल्टिक्सच्याच दोन शिलेदारांनी एका लेखात मांडले. त्यांनी आठ तत्त्वे दिली. यंत्रणा लहान ठेवा, म्हणजे ती तपासता येईल. स्पष्ट परवानगी नसेल तर नकार द्या. प्रत्येक वस्तूला प्रत्येक वेळी हात लागताना अधिकार तपासा. आराखडा गुप्त आहे या भरवशावर राहू नका. महत्त्वाच्या कामाला एकाहून अधिक किल्ल्या ठेवा. प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार द्या. सर्वांच्या सामाईक वापरातल्या यंत्रणा कमीत कमी असू द्या. आणि हे सगळे माणसाला सहज वापरता येईल असे करा, नाहीतर तो त्याला वळसा घालील. शेर यांच्या कार्डाने तिसऱ्या तत्त्वाचा भंग केला होता, हे वेगळे सांगायला नको. आज सॉफ्टवेअर सुरक्षेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ही तत्त्वे आढळतात. शिकवणाऱ्यांना त्यांच्यामागचे शुक्रवार-शनिवार ठाऊक असतातच असे नाही.

मल्टिक्समधून बाहेर पडलेले बेल लॅब्जचे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये एका अडगळीतल्या पीडीपी-७ यंत्रावर छोटी यंत्रणा लिहायला घेतली. तिचे युनिक्स हे नाव म्हणजे मल्टिक्सची थट्टाच. ती आटोपशीर होती, स्वस्त यंत्रांवर चालत होती आणि एकमेकांवर विश्वास असलेल्या मोजक्या माणसांसाठी लिहिलेली होती. कोण वापरतो त्याची यादी आणि पासवर्ड एकाच फाइलीत होते, आणि ती फाइल कोणीही वाचू शके. क्रमांकावरून माणसाचे नाव शोधायला सगळ्या प्रोग्रामांना ती लागत असल्यामुळे ती उघडी ठेवणे भाग होते. अगदी सुरुवातीच्या आवृत्त्या सोडल्या तर पासवर्ड मात्र तिच्यात सरळ लिहिलेले नव्हते. ते अशा प्रक्रियेतून गेलेले असत, की त्यांच्यावरून मूळ शब्द उलट शोधता येऊ नये. ही युक्ती साठच्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटन या यंत्रासाठी काढली होती. नीडहॅम हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

उलट शोधता येत नाही, पण अंदाज करून पाहता येतो. बेल लॅब्जमधले रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्पसन यांनी आपल्याच यंत्रणेवर हा प्रयोग केला आणि १९७९ मध्ये निकाल छापला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. १५ जणांचा पासवर्ड केवळ एका अक्षराचा होता. ७२ जणांचा दोन अक्षरांचा, ४६४ जणांचा तीन अक्षरांचा. ४७७ पासवर्ड चार अक्षर-अंकांचे, ७०६ पाच अक्षरांचे, ६०५ सहा अक्षरांचे. उरलेल्यांपैकी ४९२ शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. एकूण २,८३१, म्हणजे ८६ टक्के पासवर्ड फोडण्याजोगे निघाले. वापरणाऱ्यांना उपदेश करून काही होत नाही हे ओळखून दोघांनी यंत्रणाच बदलली. पासवर्ड तपासण्याची क्रिया मुद्दाम मंद केली: डीईएस या सांकेतिक पद्धतीचा फेरा एकदा नाही तर पंचवीस वेळा. खऱ्या माणसाला तो उशीर जाणवत नाही. लाखो शब्द चालवून पाहणाऱ्याचे मात्र हात टेकतात. शिवाय प्रत्येक पासवर्डमध्ये ४,०९६ पैकी एक चिमूट ‘मीठ’ मिसळले, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फाइलीत तो वेगवेगळा दिसावा आणि एकदाच केलेली आकडेमोड सगळ्यांवर वापरता येऊ नये.

त्यांची ही तटबंदी किती टिकली? १९८० च्या सुमाराची एक जुनी युनिक्स पासवर्ड फाइल पुढे उजेडात आली. तिच्यातला थॉम्पसन यांचा स्वतःचा पासवर्ड ऑक्टोबर २०१९ मध्ये फुटला, तोही आधुनिक ग्राफिक्स कार्डावर चार दिवसांहून अधिक काळ आकडेमोड केल्यावर. बुद्धिबळाच्या नोंदीतली ती एक चाल होती: वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे.

ऐंशीच्या दशकात प्रश्नाचे रूपच बदलले. मोठ्या यंत्राला जोडलेल्या टर्मिनलांची जागा स्वतंत्र वर्कस्टेशन घेऊ लागली आणि ती नेटवर्कने जोडली गेली. मे १९८३ मध्ये एमआयटीने डीईसी आणि आयबीएम यांच्या मदतीने ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू केला. सगळ्या संस्थेत वर्कस्टेशन पसरायची, कोणीही कुठेही बसावे आणि आपल्या फायली, टपाल, छपाई मिळवावी. आता यंत्र विद्यार्थ्याच्या ताब्यात होते. तो ते बंद करून हव्या त्या प्रोग्रामने पुन्हा सुरू करू शकत होता आणि स्वतःला कोणत्याही नावाने पुढे करू शकत होता. तारेवरून जाणारी अक्षरे शेजारच्या यंत्राला ऐकता येत होती. युनिक्सची नेटवर्कवरची रीत मात्र भोळी होती. ओळखीच्या यंत्राने ‘हा अमुक माणूस’ म्हटले, की पलीकडचे यंत्र मान डोलावत असे.

अथीनाच्या मंडळींनी उलटे गृहीत धरले. समोरच्या यंत्रावर विश्वास नाही, तारेवरही नाही. विश्वास फक्त कुलूपबंद खोलीतल्या एका सर्व्हरवर, ज्याला प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक सेवेची गुप्त किल्ली माहीत आहे. ही रचना त्यांनी ‘केर्बेरॉस’ या नावाने उभी केली. ग्रीक कथांमध्ये पाताळाच्या दारावर बसलेला तीन डोक्यांचा कुत्रा तो हाच. मूळ आराखडा स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांचा, सोबत जेफ्री शिलर आणि जेरोम साल्टझर. पाया होता १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातून निघालेल्या एका लेखाचा. त्याचे लेखक रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर. टायटनवर पासवर्ड झाकणारे नीडहॅम, मल्टिक्सवर आठ तत्त्वे लिहिणारे साल्टझर आणि श्रोडर: आधीच्या दोन बांधकामांवर हात पोळलेली माणसे तिसऱ्या बांधकामात अशी एकत्र आली.

केर्बेरॉसचे काम असे चालते. विद्यार्थी वर्कस्टेशनवर नाव टाकतो. वर्कस्टेशन फक्त नाव केर्बेरॉसकडे पाठवते. तिकडून एक तिकीट येते, विद्यार्थ्याच्या पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने बंद केलेले. विद्यार्थी पासवर्ड टाकतो, तिकीट तिथल्या तिथे उघडते आणि पासवर्ड यंत्राच्या स्मृतीतून पुसला जातो. तो तारेवरून गेलेलाच नसतो. नंतर टपाल हवे असो की छपाई, पहिल्या तिकिटावर त्या त्या सेवेचे नवे तिकीट मिळते. दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. प्रत्येक तिकिटाला मुदत असते, अथीनात ती साधारण आठ तासांची होती. चोरलेले तिकीट दुसऱ्याने चालवू नये म्हणून सोबत वेळेचा शिक्का असलेली, त्या भेटीपुरत्या किल्लीने बंद केलेली चिठ्ठी द्यावी लागते. आणि सेवेलाही विद्यार्थ्यापुढे आपली ओळख सिद्ध करता येते.

हे असे का बांधले, हे समजावून देण्यासाठी अथीनातल्या बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये चक्क चार प्रवेशांचे एक नाट्य लिहिले. पात्रे दोन, अथीना आणि युरिपिडीस. अथीना आराखडा मांडते, युरिपिडीस त्यात भोक दाखवतो. ती नवा आराखडा घेऊन येते, तो नवे भोक दाखवतो. पासवर्ड तारेवरून जातो, तिकीट चोरता येते, सर्व्हर खोटा असू शकतो. शेवटी जे उरते ते केर्बेरॉस. सॉफ्टवेअरचा आराखडा कसा घडतो हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे लेखन थोडेच असेल.

फेब्रुवारी १९८८ मध्ये डॅलसच्या युझनिक्स परिषदेत केर्बेरॉसवरचा लेख वाचला गेला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला इंटरनेटवर एक किडा सुटला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने तो लिहिला होता आणि माग लागू नये म्हणून एमआयटीच्या यंत्रावरून सोडला होता. टपालाच्या प्रोग्राममधली चाचणीसाठी ठेवलेली वाट, दुसऱ्या एका प्रोग्राममधली लांबी न तपासण्याची चूक आणि ओळखीच्या यंत्रावरचा भोळा विश्वास, या तिन्हींतून तो पसरला. उघड्या पासवर्ड फाइलीवर तो अंदाजही करत होता, सोबत नेलेल्या ४३२ शब्दांच्या यादीतून. त्या काळच्या अंदाजानुसार ६०,००० पैकी सुमारे ६,००० यंत्रे त्याने जाम केली. हा विद्यार्थी १९७९ च्या पासवर्ड-लेखाचे लेखक रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा, आणि वडील तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. मुलाला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. किड्यानंतर काही आठवड्यांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आपत्तीसाठीचे पहिले मदतपथक, सर्ट, उभे राहिले. पासवर्डची उघडी फाइल आत लपवण्याची पद्धतही हळूहळू सर्वत्र रुळली. बापाने नऊ वर्षांपूर्वी छापलेला इशारा मुलाने खरा करून दाखवल्यावरच लोकांनी हातपाय हलवले.

केर्बेरॉसचा प्रवासही सरळ झाला नाही. सांकेतिक लेखन अमेरिकेत शस्त्रांच्या यादीत मोडत असल्यामुळे त्याची निर्यात बंद होती. म्हणून सांकेतिक भाग काढून टाकलेला नुसता सांगाडा ‘बोन्स’ या नावाने बाहेर गेला आणि ऑस्ट्रेलियात त्यात ते मांस पुन्हा भरले गेले. १९९३ मध्ये पाचवी आवृत्ती इंटरनेटचे मानक म्हणून प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी चौथ्या आवृत्तीतली एक मोठी चूक दाखवली: भेटीपुरत्या किल्ल्या पुरेशा यादृच्छिक नव्हत्या, अंदाज करण्याजोग्या होत्या. आराखडा पक्का होता, चूक लिहिण्यात होती. तरीही दुरुस्ती एका ठिकाणी करून भागले, कारण ओळख पटवण्याचे काम एकाच ठिकाणी गोळा केलेले होते. पुढे विंडोज २००० ने आपल्या डोमेनसाठी केर्बेरॉस स्वीकारले. आज पुण्यातल्या वा पणजीतल्या मोठ्या कार्यालयात सकाळी विंडोज डोमेनवर एकदा पासवर्ड टाकून दिवसभर टपाल, सामाईक फोल्डर, प्रिंटर वापरणारा माणूस अथीनाचेच तिकीट खिशात घेऊन वावरत असतो.

मल्टिक्सचे शेवटचे यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथे बंद झाले. बाजारात युनिक्स जिंकले, यात वाद नाही. पण युनिक्सला आणि त्याच्या वंशजांना पुढची तीस वर्षे जे एकेक करून बाहेरून जोडावे लागले, ते बरेचसे मल्टिक्सच्या आराखड्यात आधीच होते. हलकी, घाईने उभारलेली यंत्रणा आधी जिंकते आणि हिशेब नंतर चुकता करते. तोही बहुधा ती बांधणाऱ्यांना नाही, वापरणाऱ्यांना करावा लागतो. कोर्बाटोंनी स्वतः २०१४ मध्ये एका मुलाखतीत पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न झाल्याचे मान्य केले. २०१९ मध्ये ते गेले. त्यांचा उपाय एका खोलीतल्या ओळखीच्या माणसांपुरता होता. आपण तो जगाला लावला.

आज नवी यंत्रणा आखणाऱ्यांनी, मग ती बँकेची असो, रुग्णालयाची असो की सरकारी योजनेची, या मंडळींकडून एवढे तरी घ्यावे. आराखड्याच्या पहिल्याच कागदावर ‘हा कोण, हे कशावरून आणि त्याला कशाचा अधिकार’ हे तीन प्रश्न लिहावेत, आणि शेजारी एक युरिपिडीस बसवावा. त्याने दाखवलेले प्रत्येक भोक बांधकाम सुरू होण्याआधी बुजवणे सर्वांत स्वस्त पडते.